पाच फुटी पट्टी, तीस फूट रीळ आणि लेन लाय : प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर, जालना

पट्टी आणली. स्प्रिंग स्टील, पाच फूट लांब, दीड इंच रुंद, १.२ मिलिमीटर जाड. दाजींच्या शॉपमध्ये व्हाइसमध्ये खालून घट्ट आवळली, सरळ उभी केली अन् हात सोडला तर पट्टीनं एका बाजूला मान टाकली. परत उभी केली, परत तेच. दाजी बघत होते, म्हणले, "काय करायलीस तू? शोकेसचं काम आलं का काही?" म्हणलं नाही दाजी, नाचवायचीय. ते काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

आधी हे कुणासाठी चाललंय ते लिहून ठेवते. लेन लाय. जन्म १९०१, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च, गेला १९८० मधे अमेरिकेत. कॅमेरा न वापरता सरळ फिल्मच्या पट्टीवर रंगवून आणि ओरखडून सिनेमे केले, आणि नंतर स्टीलच्या पट्ट्या-सळया मोटरवर लावून त्यांची शिल्पं केली, हलणारी. मला त्याचं हे दोन्ही काम एकच वाटतं, आणि ते का वाटतं हे हातानं करून बघायचंय. म्हणून दोन गोष्टी ठरवल्यात: एक उभी पट्टी जी मोटरवर थरथरेल, आणि वीस सेकंदांची ओरखडलेली फिल्म. शाळेत २६ जानेवारी झाली की मुलांना दाखवायची.

७ डिसेंबर

पट्टी का पडते ते समजलं. उभी पातळ पट्टी स्वतःच्याच वजनानं वाकते, आणि किती उंचीला वाकणार हे जाडीवर ठरतं. १.२ मिमीची पट्टी साधारण साडेचार फुटापर्यंतच सरळ उभी राहू शकते, माझी पाच. २ मिमी घेतली तर सहा फुटापर्यंत चालेल. आणि गंमत ही की उंची दुप्पट करायची तर जाडी दुप्पट करून भागत नाही, जवळजवळ पावणेतीन पट लागते. छोटं मॉडेल केलं, तसंच्या तसं मोठं करू, असं इथे होतच नाही.

आता लक्षात येतंय की लायची कितीतरी कामं त्याच्या हयातीत छोटीच का राहिली. त्याच्या डोक्यात सगळं अवाढव्य होतं, पण पैसा नव्हता आणि तेवढ्या उंचीला टिकेल असं मटेरियलही हाताशी नव्हतं. १९६० च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये त्यानं वाऱ्यावर डुलणारी काठी करून बघितली होती, विंड वाँड. ती खऱ्या उंचीनं उभी राहिली तो जाऊन वीस वर्षं होत आली तेव्हा, न्यूझीलंडच्या न्यू प्लिमथ गावात समुद्राकाठी, ४५ मीटर, फायबरग्लासची, टोकाला लाल गोळा. आपल्याकडे जत्रेत देवाची काठी नाचवतात ना, खाली माणूस पट्टा बांधून तोल धरतो अन् वर टोक डुलतं, फोटोत बघितल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं. फक्त इथे नाचवणारा वारा.

दाजींना २ मिमी सांगितली.

१३ डिसेंबर

आज काकांकडे गेले. काका म्हणजे आमच्या गल्लीतले, तीस-पस्तीस वर्षं टॉकीजला ऑपरेटर होते, आधी कार्बनच्या कांड्यांच्या उजेडावर मशीन चालवली, मग बल्बवर. डिजिटल आल्यावर मशिनी भंगारात किलोवर गेल्या. काकांनी घरी पत्र्याचे तीन डबे ठेवलेत, त्यात कटपीस. प्रिंट तुटली की दोन्हीकडून थोडी कापून जोडायची, ते कापलेले तुकडे. आणि एका डब्यात काळी फिल्म, रिळाच्या शेवटाला असते ती, थाळीएवढं गुंडाळं.

मी घाबरत घाबरत सांगितलं की यावर ओरखडायचंय. वाटलं चिडतील, कारण ज्या माणसानं जन्मभर फिल्मवर चरा पडू नये म्हणून मशीनमधलं फिल्म सरकायचं गेट पुसलं त्याला मी चरे पाडू देता का विचारत होते. ते बराच वेळ गुंडाळं हातात फिरवत बसले, मग म्हणले, "पोरी, मसाल्याची बाजू कोणची कळती का तुला?" अन् फिल्मचं टोक ओठाला लावून दाखवलं. जी बाजू ओठाला किंचित चिकटते ती मसाल्याची, म्हणजे चित्राचा थर असलेली, तिकडून ओरखडायचं. चकचकीत बाजूनं कितीबी घासलं तरी चित्र निघत नाही.

दुसरं त्यांनी शिकवलं ते फाडून. एक तुकडा हातानं टर्रकन फाटला, तो जुना, त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. दुसरा तुकडा कितीही ओढला तरी फाटेना, तो पॉलिएस्टर. काळं गुंडाळं पॉलिएस्टरचं निघालं. बरं झालं, काम करताना तुटणार नाही.

निघताना म्हणले, "ने. पण परत आणताना उलटी गुंडाळू नकोस."

१४ डिसेंबर

रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काच, खाली एलईडी बल्ब, वर फिल्म. ३५ मिमीची फिल्म म्हणजे एका फुटात १६ चौकटी, एका चौकटीला कडेची चार भोकं. सेकंदाला २४ चौकटी. वीस सेकंद म्हणजे ४८० चौकटी म्हणजे ३० फूट. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण सहा फूट, म्हणजे चारच सेकंद. एवढ्याशा चार सेकंदांपुढे दोन तास बसले.

सुई धरली अन् अगदी हलकं ओढलं. हिरवी रेघ उमटली! मला वाटलं पांढरी येईल. परत तिथेच थोडं जोर लावून ओढलं तर पिवळी. आणखी खोल गेले तेव्हा पांढरी, म्हणजे आरपार. रंगीत प्रिंटमध्ये मसाल्याचे तीन थर असतात, सगळ्यात वरचा किरमिजी, त्याखाली निळसर, तळाला पिवळा. वरचा गेला की उरलेल्या दोघांचा हिरवा दिसतो, दुसराही गेला की नुसता पिवळा. म्हणजे रंग माझ्या मनगटाच्या जोरावर ठरतोय. मी किती दाबलं ते फिल्मवर रंगात लिहून राहिलंय. साडेबारा वाजले तरी उठवेना.

लायनं १९५८ मध्ये फ्री रॅडिकल्स नावाचा सिनेमा केला तो काळ्या १६ मिमी फिल्मवर, पांढऱ्या रेघा फक्त. हत्यारं काय तर सुया, करवतीचे दात, दाताच्या डॉक्टरची अवजारं, आणि मूळ अमेरिकन लोकांचे दगडी बाणाचे फाळसुद्धा. संगीत आफ्रिकेतल्या बागिर्मी लोकांच्या ढोलांचं. काळ्यात पांढऱ्या रेघा गरगर फिरतात, मुरडतात, एकमेकींना चिकटतात, बस, बाकी काही नाही, आणि चार मिनिटात अंगावर काटा येतो. ब्रसेल्सला त्या वर्षी प्रायोगिक फिल्मच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं. आणि त्यानंतर हा माणूस सिनेमाकडून जवळजवळ पाठ फिरवून स्टीलकडे वळला, कारण पुढचा सिनेमा करायला कोणी पैसे देईना. मला याचं फार वाईट वाटतं. सुई अन् काळी पट्टी एवढ्यावर काम करणाऱ्याला तेवढेसुद्धा पैसे मिळू नयेत.

२१ डिसेंबर

पट्टी आली, पण ज्यानं दिली त्यानं स्प्रिंग स्टील म्हणून साधी पट्टी गळ्यात मारली. वाकवली ती वाकलेलीच राहिली. परत केली, चार दिवस गेले. आता दाजींनी स्वतः ओळखीतून ईएन-४२ आणवली, म्हणजे खरं स्प्रिंग स्टील.

२८ डिसेंबर, ताईच्या सासरचं शेत, परतूरकडे

हुरड्याला आलो. सगळे आगटीभोवती, मी मात्र बांधावर. शाळू पोटरीतून निसवलाय, कणसं भरलीत, आणि संध्याकाळी वारा सुटला की सगळं रान एका बाजूला जातं अन् परत येतं, पण एकदम नाही, वाऱ्याची झुळूक जशी पुढे सरकते तशी ती वाक पुढे पळते. एक एक धाट आपल्या जाग्यावरच असतं, पळते ती फक्त हालचाल. हे मी जन्मभर बघितलंय पण आज बघितलं असं वाटलं.

लायचं ग्रास नावाचं शिल्प आहे, लाकडाच्या पाट्यावर स्टीलच्या बारीक सळयांची रांग, पाटा सावकाश कलतो अन् सळया गवतासारख्या लवतात. मला वाटायचं हे गवताचं चित्र आहे. आज बांधावर उभी राहिले तर माझंच अंग नकळत डुलायला लागलं होतं, तेव्हा ध्यानात आलं की त्याला गवत दाखवायचंच नसणार. जे डुलणं बघणाऱ्याच्या पाठीच्या कण्यात उतरतं, तेवढंच त्याला हवं होतं, सळया हे फक्त निमित्त.

त्याची एक गोष्ट मी कुणालाही सांगते. तीन वर्षांचा असताना बाप क्षयानं गेला. त्याच सुमारास एकदा घराबाहेर त्यानं घासलेटच्या रिकाम्या डब्याला जोरात लाथ मारली, डबा धाडकन वाजला आणि पत्र्यावरून उन्हाची तिरीप चमकून गेली. ते चमकणं अन् तो आवाज त्याच्या म्हातारपणापर्यंत डोक्यात राहिला. पुढे आईनं दुसरं लग्न केलं, सावत्र बाप दीपगृहावर नोकरीला, केप कॅम्पबेलला. म्हणजे पोराच्या डोळ्यासमोर समुद्र, वारा आणि रात्रभर फिरणारा उजेड. आमच्या आजीकडेही घासलेटचा डबा होता, कापून त्याचं पाणी तापवायचं केलं होतं, त्याचा आवाज मलाही माहितीये. म्हणूनच हा माणूस मला लांबचा वाटत नसेल.

ताई ओरडायली, हुरडा थंड व्हायलाय म्हणून. गेले.

३ जानेवारी

नवी पट्टी उभी राहिली. सरळ. हातानं वर टोकाला धरून सोडलं तर एक झोका दोन सेकंदांचा, एकदम निवांत, पाळण्यासारखा.

मोटर १२ व्होल्टची, ३०० आरपीएमची गिअरवाली, सोबत स्पीड कंट्रोलर. क्लॅम्प ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर बसवलाय, मोटरच्या चकतीला सेंटरपासून ६ मिमीवर पिन, ती पिन चॅनेलला मागेपुढे ढकलते. म्हणजे पट्टीचं बूड फक्त १२ मिमी हलतं. दाजी म्हणले एवढ्यानं काय व्हायलंय.

हळू हळू स्पीड वाढवला. आधी नुसती डुलली. मग मधेच काही नाही, पट्टी रुसल्यासारखी, थोडं थरथरणं फक्त. दाजी म्हणले बंद कर, जळंल मोटर. मी नॉब थोडासाच पुढे नेला, सेकंदाला चारच्या जरा वर झटके बसत असतील, आणि एकदम पट्टीनं पोट काढलं. खालचा भाग एका बाजूला, वरचा दुसऱ्या बाजूला, आणि पाऊण उंचीवर एक जागा अशी की तिथे पट्टी हलतच नाही, बोट लावता येईल इतकी स्थिर. सगळं मिळून इंग्रजी एस अन् उलटा एस, एवढ्या जलद की डोळ्याला चांदीचं पोकळ पात्र दिसतं. पत्र्यावर शॉपमधल्या ट्यूबलाइटचा उजेड पळत होता. आणि आवाज! हूं हूं असा.

दाजी चहाचा कप हातात धरून तसेच उभे. मग म्हणले, "ही जित्ती झाली की गं."

पट्टीला स्वतःची चाल असते, एक संथ, दुसरी तिच्या आठपटीहून जलद, त्याच्या वर आणखी. मोटरनं त्या चालीला गाठलं की बारा मिलिमीटरच्या ढकलण्यातून हातभर पोट निघतं. मधल्या कुठल्याही वेगाला कितीही जोर लावा, ती ऐकत नाही. मोटर पट्टीला नाचवत नाहीये, पट्टीला कसं नाचायचं ते आधीच माहिती आहे, मोटर फक्त ठेका धरते.

९ जानेवारी

हलगीवाला पोरगा आला होता, आमच्याच शाळेतला जुना विद्यार्थी, लग्नात-मिरवणुकीत वाजवतो. त्याला म्हणलं एकच ठेका धर, न बदलता. आगटी करून आधी हलगी शेकली, टणक आवाज आला तेव्हा वाजवली. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मोजलं तर मिनिटाला १४४ च्या आसपास, म्हणजे एका ठोक्याला बरोब्बर १० चौकटी. मग फिल्मवर दर दहा चौकटींनी कडेला खूण केली, दर चाळीसला लाल.

लायची पहिली मोठी गाजलेली फिल्म अ कलर बॉक्स, १९३५, तिच्यातपण असंच. लंडनमध्ये होता, खिशात पैसे नाहीत, कॅमेरा परवडेना. म्हणून सरळ फिल्मवरच रंगवलं, ब्रशनं, कंगव्यानं दाते ओढून, आणि ब्रिटिश पोस्टखात्याच्या फिल्म युनिटला नेऊन दाखवलं. तिथे जॉन ग्रिअर्सन प्रमुख होता, त्यानं घेतलं. अट एवढीच की शेवटी पार्सलचे स्वस्त दर यायला पाहिजेत. ते आले पण, रंगांच्या नाचात पेनीचे आकडे. गाणं क्यूबन बँडचं, आणि त्याचा मित्र जॅक एलिट यानं गाण्याचा ठोका न् ठोका फिल्मच्या मापात उतरवून दिला. त्या वर्षी ब्रसेल्सच्या महोत्सवात खास सन्मान मिळाला. पोस्टाची जाहिरात! मला यात काही कमीपणा वाटत नाही. ज्यानं रीळ दिली, त्याचं दोन शब्द सांगून टाकायचं अन् बाकी तीन मिनिटं आपल्या मनासारखी घ्यायची, हे कामाच्या माणसाला जमलं पाहिजे.

याच्या आधी त्यानं तुसालावा केली होती, १९२९, ती साध्या ॲनिमेशनची, चार हजारावर चित्रं, दोन वर्षं लागली. त्याच्याही आधी सामोआत जाऊन गावातल्या लोकांत राहिला, तर तिथल्या गोऱ्या सरकारनं हाकलून दिलं, आणि १९२६ ला बोटीच्या तळाशी कोळशाचं काम करत इंग्लंडला पोचला. एवढं अंगमेहनतीचं आयुष्य, म्हणून रेघेत अंग आहे.

१५ जानेवारी

कालची संक्रांत, तिळगूळ वाटून झाल्यावर परत ओट्यावर. १९ फूट झाले. एक गोष्ट कळली. पहिल्या दिवशी मी चित्रं काढत होते, चांदणी, फूल, वेलबुट्टी, प्रत्येक चौकटीत नीट बसवून. मोबाइलनं एकेक फोटो काढून चालवून बघितलं तर नुसती फडफड, मेलेली. नंतरचे चार फूट मी कंटाळून हलगी कानाला लावून, चौकटीकडे न बघता, खांद्यापासून हात ओढत नेला होता, ते चालवले तर रेघ उडी मारायली, वळायली, मागे बघून परत पळायली. आधीचे सात फूट सोडून दिले. वाया गेले असं नाही म्हणवत, पण दाखवण्यासारखे नाहीत.

लाय कोवळा पोरगा असताना वेलिंग्टनमध्ये ढगांचं चित्र काढणाऱ्या कॉन्स्टेबल नावाच्या इंग्रज चित्रकाराचा विचार करत चालला होता, आणि त्याला सुचलं की ढग कसले काढायचे, ढगांचं सरकणंच रचता आलं तर? सुरांची रचना होते तशी हालचालीची. अख्खं आयुष्य त्या एका विचारावर गेलं. मला ते वाक्य वाचून माहिती होतं. खांदा दुखायला लागला तेव्हा समजलं.

१९ जानेवारी

पट्टी तुटली.

दुपारी चालू होती, मी कंट्रोलरपाशी, अचानक आवाज बदलला, हूं चं खर्र झालं, मी बंद करायला हात घातला तोवर क्लॅम्पच्या अगदी वर कडेला मोडून किलोभराची पट्टी भिंतीवर जाऊन आपटली. कुणी समोर नव्हतं. हे लिहितानाही हात थंड पडलेत, कारण तासाभरापूर्वीच दोन पोरं बघायला येऊन गेली होती.

दाजींनी तुकडा उजेडात धरला. तुटलेल्या कडेवर अर्धा भाग गुळगुळीत अन् काळपट, अर्धा खरखरीत चमकदार. म्हणजे तडा आजचा नव्हता, आठवडाभर आतून सरकत होता, आणि आज उरलेलं एकदम गेलं. सेकंदाला चारदा म्हणजे तासाला चौदा हजारांवर वेळा ती एकाच रेषेवर वाकत होती, आणि तिथे क्लॅम्पची धारदार कड. शिवाय पट्टी कापताना कडेला राहिलेली खरबड मी घासलीच नव्हती. ही माझी चूक.

दुसरी पट्टी होतीच. कडा पॉलिश पेपरनं आडव्या न घासता लांबीच्या दिशेनं घासल्या. क्लॅम्पची तोंडं ग्राइंडरनं गोल केली, मधे जुन्या चपलेचं चामडं. भोवती तीन बाजूंनी जाळी, मुलं सात फूट लांब.

२५ जानेवारी

बॉल लावला. लायच्या ब्लेड या शिल्पात पट्टीशेजारी एका दांड्यावर बुचाच्या लाकडाचा गोळा असतो, पट्टीचं पोट निघालं की ती त्याच्यावर आपटते अन् वाजते. मी बाटल्यांची बुचं चिकटवून घासून गोळा केला, बुडापासून ७० सेंटिमीटरवर, कारण पोट तिथेच सगळ्यात जास्त निघतं. आवाज देवळातल्या तासाचा नाही, भांड्याचा नाही, दोन्हीच्या मधला.

क्रम ठरवला: अर्धा मिनिट संथ डुलणं, मग सावकाश वेग, मग एस, मग बुचाला ठोके, मग बंद, आणि ती आपोआप थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यानं एका संध्याकाळी आपली शिल्पं अशीच एकेक करून चालवून दाखवली होती, मैफिलीसारखी. शिल्प म्हणजे कायम चालू ठेवलेला पंखा नव्हे, त्याला सुरुवात अन् शेवट पाहिजे.

२८ जानेवारी, शाळा

झालं. सातवीच्या वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली. आधी फिल्म, प्रोजेक्टरवरून भिंतीवर, वीस सेकंद, मुलांनी अकरा वेळा लावायला लावली. हिरव्या रेघेला ती "पोपट" म्हणायली. काका पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी फ्यूज गेलेल्या बल्बमध्ये पाणी भरून आणलं होतं, लहानपणी ते तसंच करायचे, बाहेर एका मुलानं आरशानं ऊन धरलं, बल्बमधून माझा फिल्मचा तुकडा भिंतीवर पाडला. एकच चौकट, थांबलेली, हातभर मोठी, माझ्या सुईचा प्रत्येक चरा दिसत होता.

मग पट्टी. एस निघाला तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी बसल्या जागी खांदे हलवत होती, तिला माहितीही नव्हतं. मी पट्टीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. मोटर बंद केल्यावर पट्टी जवळपास दीड मिनिट डुलत होती, चाळीस पोरं गप्प.

१ फेब्रुवारी

पट्टीला तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळली. क्लॅम्पपाशी भिंगानं बघितलं, तडा नाही. पुढच्या वेळी दोन पट्ट्या शेजारी, लांबी थोडी कमी-जास्त, दाजींनी चॅनेलचं माप आत्ताच घेऊन ठेवलंय.

काकांची फिल्म परत दिली. माझे ३० फूट मी वेगळे ठेवणार होते, त्यांनी मागून घेतले, टेपनं काळ्या गुंडाळ्याच्या सुरुवातीला जोडले, जोडाची भोकं नखानं चाचपून बघितली अन् बाहेरच्या बाजूला सुरुवात येईल अशी रीळ गुंडाळून डब्यात ठेवली.